दोन बादल्यांचा दंड

याकूबचाचांनी मला दंड केला तो मास्क नाकाखाली घसरला म्हणून. चाचा आमच्याच आळीतले, चार घरं पलीकडचे. मी महाडला औषधाच्या दुकानात कामाला, म्हणजे अर्ध्या गावाच्या तोंडावरचे मास्क मीच आणून दिलेले. पण चाचांपुढे ओळखपाळख चालत नसे. विहिरीवरून शाळेपर्यंत दोन बादल्या पाणी मला गुमान वाहून न्यावं लागलं.

हे दंडाचं खूळ त्यांचंच. लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या गावाने तुडीलच्या रस्त्यावर बांबू आडवा बांधला. पावती फाडायचा अधिकार गावाला नव्हता. दुसरीकडे मुंबईहून आलेली माणसं शाळेत वेगळी ठेवलेली, आणि शाळेच्या नळाला पाण्याचा पत्ता नाही. चाचांनी दोन्ही प्रश्न एका झटक्यात सोडवले.

अनुभव दांडगा होता. उभी हयात सौदीत, दमामला एका कारखान्याच्या गेटवर पहारा देण्यात गेलेली. चाची ते तिकडे असतानाच वारली, आणि मुलगा आता त्याच दमामला. कायमचे परत आल्यावर चाचा ओट्यावर नुसते बसून असत. बांबू दिसला मात्र, तिकडचा खाकी शर्ट इस्त्री करून हजर! कोणी रेटून पुढे निघालं की हात वर करून गरजायचे, "ममनू!" म्हणजे अरबीत मनाई. अर्थ कोणाला कळत नसे, पण पाय जागच्या जागी थांबत.

एकदा तालुक्याहून गस्तीवर आलेल्या पोलिसाचा मास्क हनुवटीवर होता.

"सायब, कायदा तुमचाच हाय," चाचा म्हणाले आणि बादल्या पुढे केल्या. तो बिचारा हसत हसत गेला, पण निम्मं पाणी त्याच्या बुटात गेलं. सरपंचांच्या वाट्याला तर हा मान दोनदा आला.

बादल्या परवडल्या, पण चाचांचे प्रश्न नकोत! "कुनाचा तू? कुठं चालला? कशाला?" इथवर ठीक. पुढे, "आईचा गुडघा कसा हाय? बहिणीचं जमलं काय? आज कालवण कसलं?"

"चाचा, कालवणाचा आणि कोरोनाचा काय संबंध?" मी एकदा वैतागलो.

"रेकॉर्डला लागतं."

"पण तुम्ही लिहून तर काहीच घेत नाही."

त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "हितं हाय सगळा."

हळूहळू लोकांनाही सवय झाली. वरच्या वाडीतली एक म्हातारी तर गाय व्यायल्याची बातमी आधी बांबूपाशी देऊन मग घरी जायची.

पुढे निर्बंध उठले. चाचा पंचायतीत गेले आणि चक्क हात जोडून म्हणाले, "अजून थोडं दिस राहू द्या. रोग गेला नाय." सगळे हसले. बांबूची दोरी सोडायला मीच होतो. गंमत म्हणून म्हटलं, "सुटलात चाचा! आता आराम करा."

चाचा हसले नाहीत.

"सुट्टीवर यायचो तवा लोक सलाम करायची नि पुढं जायची," ते म्हणाले. "पोरं मोठी झाली, कोण कुनाचा काय कळायचा नाय. कायमचा आलो तरी मी पाव्हणाच. हितं पहिल्यांदा मानसं माझ्याजवळ थांबली रे. दंडाच्या भीतीनं का होईना."

दोरी हातातच राहिली. सगळ्या गावाने त्यांना खडूस ठरवलं होतं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा.

त्यानंतर काही दिवस चाचा दिसलेच नाहीत. मग एका संध्याकाळी आमच्या दारात उभे. इतक्या जवळ राहून ते कधी आमच्याकडे आले नव्हते, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी बोलावलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर अवघडून उभे राहिले. आई म्हणाली, "अहो, आत या ना भाऊजी." ते बसले. चहा झाला. आईने गावातल्या चार गोष्टी सांगितल्या, त्या त्यांनी मन लावून ऐकल्या.

निघताना चपला पायात सरकवत बराच वेळ घुटमळले. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं,

"उद्या आलो तर चालंल काय रे?"