दोघांनी बसायचा बाक

पेई शानच्या बाकावर सकाळपासून कुणी बसलं नव्हतं, आणि त्याबद्दल धरून झापावं असं समोर कुणीच नव्हतं, याचा तिला जास्त राग येत होता.

बाक दोघांनी बसायचा होता. मधोमध गोलसर पाया आणि त्यावर लांब सागवानी फळी. दोन टोकांना दोघं बसले की फळी सरळ राहायची. एकटा बसला की त्याचं टोक हळूहळू खाली जायचं आणि तो गृहस्थ जमिनीजवळ पोचायचा. अनोळखी माणसांनी एकमेकांशेजारी बसावं, ही त्यामागची कल्पना. नवोदित डिझायनरांच्या या वार्षिक प्रदर्शनासाठी निवड करणाऱ्यांना ती फार आवडली होती. पण सिंगापूरचा माणूस अनोळखी माणसाशेजारी बसण्याआधी पाटी वाचतो आणि पाटी वाचून झाली की पुढच्या दालनात जातो.

तिचं हे शेवटचं वर्ष होतं. नोव्हेंबरात ती तिशीची होणार होती, आणि नियमाप्रमाणे तिशीनंतर माणूस नवोदित राहत नाही, नुसताच बेकार राहतो. आज दुपारी पुलापलीकडून, मलेशियातल्या जोहोरहून फर्निचरचे कारखानदार मिस्टर क्वेक येणार होते. फोटो बघून मी काही घेत नाही, बसून बघतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांना पटलं तर बाक कारखान्यात बनणार. नाही तर सोमवारपासून मामाच्या दुकानात लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची मापं घ्यायची, हे घरात ठरून गेलं होतं.

क्वेक बसणार म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं. म्हणून तिनं आईला आणलं होतं. आई यायला तयार नव्हती. बाक घडत होता तेव्हा दर रविवारी आई आणि वडील दोन टोकांना बसून त्याचा तोल तपासत. वडील गेल्यापासून आई त्यावर बसली नव्हती. बसायचं म्हणजे काय हेच ती विसरल्यासारखी झाली होती. जेवायचीही ओट्याशी उभ्यानं.

"मा, तू फक्त बसायचंस. काही बोलायचंही नाही."

"गप्प बसायला दवाखान्यात आणलंयस का मला, आ शान?"

पेई शान ऐकत थांबली नाही. क्वेकना आणायला ती पुढच्या फाटकाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. क्वेकांच्या ड्रायव्हरनं मात्र गाडी मागच्या फाटकाशी लावली होती.

ती परतली तेव्हा बाकाभोवती रांग लागलेली होती.

आधी तिला आनंद झाला. मग तिनं नीट पाहिलं. बाक रिकामाच होता. फक्त डाव्या टोकावर केशरी फुलांचं एक टिश्यूचं पाकीट ठेवलेलं होतं. ते आईचं होतं, शंकाच नको. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, आई टेबल अडवायला तेच ठेवते आणि मग निर्धास्तपणे नूडल्सच्या गाडीकडे जाते. या बेटावर कुणाचं टिश्यू असलेल्या जागेवर बसणं म्हणजे त्याच्या पलंगावर जाऊन झोपण्यासारखंच आहे.

मिस्टर क्वेक बाकाशेजारी हात मागे बांधून उभे होते. दुसरं टोक मोकळं होतं, पण पाटी वाचलेली असल्यामुळे एकट्यानं बसलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. जागेचा मालक येईपर्यंत थांबावं, असं त्यांनी ठरवलं. एक माणूस थांबलेला दिसल्यावर फुटबॉलची जर्सी घातलेले एक अंकल त्यांच्यामागे थांबले. दोन माणसं थांबलेली दिसल्यावर बाबागाडीवाली एक बाई थांबली. त्यानंतर कुणी कारण विचारलं नाही. रांग दारापर्यंत गेली तेव्हा प्रदर्शनाच्या स्वयंसेविका मिस पेरेरा आल्या आणि त्यांनी दोरी लावली. आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे रांग दिसली की ती सरळ केल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

पेई शान दोरीखालून वाकून आत जाऊ लागली.

"मागे जा," मिस पेरेरा म्हणाल्या.

"हा बाक मी बनवलाय."

"ह्याच्या आधी एक जण म्हणत होता की त्याची बायको पोटुशी आहे. मागे जा."

ते पाकीट माझ्या आईचं आहे, मी उचलते, असं तिनं सांगून पाहिलं. त्यावर रांगेत बरीच चर्चा झाली. आई कुठे आहे, असं बाबागाडीवालीनं विचारलं. पेई शानला सांगता येईना. ज्यांना आई कुठे आहे हे माहीत नाही त्यांनी आईच्या वस्तू उचलू नयेत, असं अंकलचं मत पडलं. मिस्टर क्वेक तर जास्तच संकोचले.

"नको, नको. आई येऊ दे. मी आहे अजून थोडा वेळ. पुलावरची गर्दी वाढायच्या आत निघालो म्हणजे झालं."

तिनं आईला फोन लावला. तो तिच्याच पिशवीत वाजला. सकाळी आईनंच तो चार्ज करायला दिला होता.

मग ती पळाली. खालच्या मजल्यावर फुकट खाऊ वाटत होते. तिथं आई नव्हती, पण तिथली मुलगी म्हणाली, एक आंटी डबल घेऊन गेल्या. पेई शाननं दिव्यांचं दालन पाहिलं, मातीच्या भांड्यांचं पाहिलं, स्वच्छतागृहाच्या दारातून हाका मारल्या. घामाघूम होऊन ती बाकाशी परत आली, आणि रांगेच्या अगदी शेवटी, हातात कागदी बशी घेऊन, आई उभी असलेली तिला दिसली.

"मा, तू इथे काय करतेस?"

"रांगेत उभी आहे."

"कसली रांग आहे ही?"

"कुणाला ठाऊक. पण एवढी मोठी आहे म्हणजे काहीतरी चांगलं असणार. तू पण लाग माझ्यामागे."

पेई शाननं डोळे मिटले. "तुझ्याच जागेची रांग आहे ही. सगळे तुझीच वाट बघतायत."

आईनं मान उंचावून पुढे पाहिलं. आपलं टिश्यू ओळखलं आणि चेहरा पाडला. आता एवढ्या लोकांना ओलांडून पुढे जाणं बरं दिसत नाही, असं ती म्हणू लागली. मुलीनं तिला दंडाला धरून नेलं. मिस पेरेरांनी पाकिटात किती टिश्यू उरलेत ते विचारलं. आईनं बरोबर सांगितलं, तेव्हा दोघींपुरता दोरीचा आकडा निघाला.

आई बसली. क्वेक बसले. फळी सरळ झाली. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

आईला बोलायचं नव्हतं, पण समोरचा माणूस उपाशी बसलाय हे तिला बघवेना. तिनं बशी पुढे केली. हिरवे ओंडे-ओंडे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, आत गुळाचा पाक. क्वेकांनी एक घेतला. आईनं एक घेतला. गूळ कुठला चांगला यावरून दोघांचं पटेना. पेई शान घड्याळाकडे बघत होती. शेवटी क्वेकांचा फोन वाजला आणि ते उठू लागले. आईचं टोक खाली गेलं.

"अहो, बसा," आईनं फळी घट्ट धरली. "सांगून उठायचं असतं. आमचे हे कधी सांगायचे नाहीत. उठायचे, की मी आपली खाली."

क्वेक पटकन बसले. फोन त्यांनी बंद केला.

थोड्या वेळानं त्यांनी पेई शानला खुणेनं जवळ बोलावलं. "काम सुंदर आहे. पण मी घेणार नाही."

"तोलात काही चुकलंय का?"

"काही चुकलं नाही, तेच तर. माझी सगळी विक्री हॉटेलांना. ज्या बाकावरून गिऱ्हाईक उठत नाही, तो कोणता हॉटेलवाला घेईल? मलाच बघ ना, किती वेळ झाला, निघता येत नाही."

जड, महाग, डुगडुगता, अशा सगळ्या आक्षेपांची पेई शाननं तयारी केली होती. याची केली नव्हती.

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं.

"गूळ चांगला आहे म्हणतायत."

"मग मघापासून भांडत का होता?" आई क्वेकांना म्हणाली. तिसरा गोळा तिनं तोंडात टाकला आणि वडिलांनी एकदा शेजाऱ्याच्या कुत्र्याला शेजारी बसवून बाकाचा तोल तपासला होता, ती हकिगत सुरू केली. ही हकिगत लांब होती. वडील ती तासभर सांगत.

जर्सीवाले अंकल दोरीपलीकडून वाकले. "काय गं पोरी, ह्यांचं कधी उरकणार? पाय दुखले माझे."

पेई शानला मामाच्या दुकानातली कपाटं अगदी स्पष्ट दिसत होती. तिनं बाकाकडे, त्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं.

"आज नाही उरकत, अंकल," ती म्हणाली, आणि दोरीचा सैल झालेला आकडा तिनं घट्ट अडकवला.