एक सूत कमी

शेलारकाकांच्या अंगणात चार दिवस खुर्चीवर एक प्रेशर कुकर बसला होता. खाली उशांची उंच चळत, वर कुकर, शिट्टीसकट. दर तासाला काका बाहेर यायचे, डोळे बारीक करून कुकरकडे बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि आत जायचे. जर्मनीतल्या आमच्या इंगोलश्टाटमध्ये शेजारी सहसा दुसऱ्याच्या अंगणात नाक खुपसत नाहीत. पण चौथ्या दिवशी समोरच्या फ्राऊ हूबरबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, की तुमच्याकडे हा काही सण असतो का. मी हो म्हणून मोकळा झालो. दुसरं काय सांगणार?

काका तळमजल्यावर, मी वरच्या मजल्यावर. ते मूळचे इचलकरंजीचे. वडील कापडाच्या मागावर कामाला होते, हे इथल्या मोटारीच्या कारखान्यात मापन विभागात. तीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजून रिटायर झाले, पण घरात सगळं सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडच्या सुतारांचं माप. दार सूतभर घासतं, आमटीत मीठ एक सूत कमी असतं, आणि मी पुण्याचा असल्यामुळे माझ्यात माणुसकी दोन सूत कमी आहे. जर्मनमधला एकच शब्द त्यांनी मनापासून उचलला, तो म्हणजे गेनाऊ, अर्थात ‘अगदी बरोबर’. त्यालाही कोल्हापुरी शेपूट लावलं. काही पटलं की म्हणणार, “गेनाऊ की.”

त्यांच्या अंगणात एक जुनी व्होनमोबिल उभी असते, म्हणजे चाकांवरचं घर. तिच्या कुशीला नळीवर गुंडाळलेलं कापडी छत असतं, ओढलं की बाहेर येतं. याला मार्कीज म्हणतात. त्याचं कापड इतकं विरलं होतं की बोट लावलं तर आरपार जायचं. फिंग्स्टनच्या, म्हणजे इथल्या मे-जूनमधल्या सणाच्या सुट्टीत तळ्यावर जायचं आणि त्याआधी नवं कापड लागलंच पाहिजे, असा काकांनी धोशा लावला. खरी अडचण वेगळीच होती. काकू येणार नाही म्हणाल्या होत्या. दरवर्षी आठवडाभर आधी डबे भरणारी ती बाई, यंदा नुसतं “तुम्ही जाऊन या.” हिवाळ्यातल्या आजारपणापासून त्या दिवसा बाहेर दिसतच नव्हत्या. विचारलं तर म्हणायच्या, “मालिका असतात रे.”

मी काकांना म्हटलं, वर्कशॉपला देऊन टाका. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “त्यांना ताणा-बाणा कळतो होय?” कापडाचे नमुने आले तेव्हा त्यांनी प्रत्येकाचा दोरा उसवला, वास घेतला आणि एकाचा कोपरा चक्क चावून बघितला. तो पास झाला.

शनिवारी मला पकडलं. जुनं कापड काढायचं तर नळीतली स्प्रिंग धरून ठेवावी लागते. “सोडू नगंस,” काका म्हणाले, “सोडलीस तर दात मोजत बसावं लागंल.” मी अर्धा तास ती स्प्रिंग धरून देवाचं नाव घेत होतो. मग नवं कापड. त्याच्या कडेला दोरी शिवलेली असते आणि ती नळीच्या खाचेतून सरकवायची. परकरात नाडी ओवायची, तोच प्रकार, फक्त परकर साडेतीन मीटरचा. खाचेला मेणबत्ती घासली, मी ओढलं, काकांनी ढकललं. तासाभराने कापड बसलं आणि मग दिसलं, की ते उलटं बसलंय. मायक्रॉन मोजणारा माणूस कापड उलटं लावतो म्हणजे काय? पण ते कापडाकडे बघतच नव्हते, सारखे कुकरकडे बघत होते. मी चांगलाच वैतागलो. सगळं काढून परत ओवलं.

रविवारी इथे ड्रिल चालवलं तर शेजारी तक्रार करतात. सुईचा आवाज होत नाही. काकांनी छताच्या पुढच्या कडेला हाताने झालर शिवायला घेतली, मांडी घालून, जाड सुईने. झालर सोळा इंच तीन सूत.

“एवढी कशाला?” मी विचारलं.

“लागती.”

चार वाजता ऊन तिरपं झालं. छत उघडं, झालर लोंबती आणि खाली खुर्चीवर आपला कुकर. काका गुडघ्यावर बसून त्याच्या झाकणाकडे बघत होते. पाच वाजले, सहा वाजले. झाकण उन्हाने एकदाही चमकलं नाही. तेव्हा काकांनी कुकर उचलला, उशा झटकून काढल्या आणि खिडकीकडे तोंड करून हाक मारली, “अगं, जरा बाहेर येऊन बस की. कापड कसं वाटतंय बघ.”

काकू डोक्याला रुमाल बांधून आल्या आणि खुर्चीत बसल्या. रुमाल बरोबर तिथेच आला, जिथे मघाशी झाकण होतं. मला सगळा उलगडा झाला आणि कालच्या वैतागाची लाज वाटली.

काका माझ्या कानाशी म्हणाले, “औषधानं तिला ऊन सोसत न्हाई. कातडी भाजल्यागत होती. डॉक्टर वर्षभर ऊन नको म्हणालेत. तिला बोलू नगंस, पेशंट केलं म्हणून चिडंल.”

“कुठला कुकर ठेवला होता हो?” काकूंनी मागे न बघता विचारलं.

काकांनी हातातला कुकर पाठीमागे लपवला.

“तीन लिटरचा ना? माझं डोकं पाच लिटरचं आहे. चार दिवस पातेल्यात भात शिजवतेय, मला कळत नाही होय?” त्यांनी हात वर करून झालरीचे टाके चाचपले. एकेक टाका, सावकाश. “तळ्यावर किती दिवस?”

“पाच,” काका म्हणाले.

“मग माळ्यावरचे डबे काढून द्या. माझा हात पोचत नाही.”

काका म्हणाले, “गेनाऊ.” पुढचा ‘की’ म्हणायच्या आधीच ते शिडी आणायला पळाले.