काना-मात्रांची पाटी

सकाळी दहाला तीन विरोधी पक्ष छापखान्यात एकत्र आले, तेव्हा मालकांनी आधी खुर्च्या मोजल्या. खुर्च्या दोनच होत्या. वॉर्डातल्या पहिल्या पक्षाचे अध्यक्ष वकीलसाहेब, ते बसले. दुसऱ्याचे चष्मेवाले, तेही बसले. तिसऱ्याचे टेलरमास्तर कागदाच्या गठ्ठ्याला टेकून उभे राहिले आणि तसंच उभं राहावं लागलं याची त्यांनी मनात नोंद केली.

छापखान्याच्या मालकांना सगळी गल्ली 'काना-मात्रा' म्हणायची. शुद्धलेखनाचं त्यांना वेडच होतं, आणि ते नाव ते पदवीसारखं मिरवायचे. दारावर तीस वर्षं एक पाटी होती: 'आमच्याकडे चूक होत नाही. दाखवा, पाटी उतरवतो.' माणसाला एवढा अभिमान बरा नाही, पण सांगणार कोण?

"भाऊसाहेब वीस वर्षं नगरसेवक आहेत," वकील म्हणाले. "यावेळी पाडायचेच. आम्ही तिघांनी मिळून नर्सबाईंना उभं केलंय. पत्रक संध्याकाळपर्यंत हवं. एकच ओळ."

ओळ अशी: 'आम्ही तिन्ही पक्ष एकमताने नर्सबाईंच्या पाठीशी उभे आहोत.' काना-मात्रांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले, शाईची बोटं पुसली न पुसली तोच बाराला टेलरमास्तरांचा फोन आला.

"माझा पक्ष काढा त्यातनं. मी भाऊसाहेबांबरोबर आहे."

"अहो, सकाळी तर इथं बसला होतात."

"उभा होतो. खुर्ची कुठं दिलीत?"

'तिन्ही'चं 'दोन्ही' झालं. दोन वाजता चष्मेवाले आले. "मास्तर गेले, आता आमची माणसं म्हणतात, आपणही जरा लांबूनच बघू," असं म्हणून तेही गेले. उरले वकील. पण वकील हट्टाला पेटले होते.

"'एकमताने' काढा," ते म्हणाले. "एकट्याचं कसलं आलंय एकमत? घ्या, 'मी एका मताने का होईना, नर्सबाईंच्या पाठीशी उभा आहे.' कुणी नसलं तरी मी आहे."

तेही जुळवून झालं. पाच वाजता टेलरमास्तर परत हजर. भाऊसाहेबांनी त्यांना स्टुलावर बसवलं होतं. त्यांच्या पाठोपाठ चष्मेवालेही आले.

"ते गेले म्हणून मी गेलो, ते आले म्हणून मी आलो," चष्मेवाले म्हणाले. "मी शब्दाचा पक्का आहे."

काना-मात्रांनी कपाळावर हात मारला, 'मी' काढून 'आम्ही तिन्ही पक्ष' घातलं, 'का होईना' उडवलं, 'उभा आहे'चं 'उभे आहोत' केलं आणि यंत्राकडे वळले. बायको कागद कापत होती.

"एकदा वाचून बघू का?" तिनं विचारलं.

"तीस वर्षांत कधी लागलं?"

"तीस वर्षांत तीन पक्ष तरी कधी एकत्र आले?"

ऐकतील तर ते काना-मात्रा कसले. दोन हजार पत्रकं घरोघर गेली: 'आम्ही तिन्ही पक्ष एका मताने नर्सबाईंच्या पाठीशी उभे आहोत.'

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी चौकात ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. "ऐकलंत? तीन पक्ष, आणि मत मिळून एक." चौक हसून लोळायचा बाकी राहिला. तिथून ते तडक छापखान्यात आले आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "उतरवा."

काना-मात्रांचा चेहरा पडला. तीस वर्षं एका कान्यापायी मातीत चालली होती. पण माणूस चिवट.

"छापलेलं खोटं ठरलं तर चूक," ते म्हणाले. "एक मत छापलंय ना? ते एक मत मी देईन. निकाल लागू द्या, मग पाटीचं बोलू."

आता गंमत अशी, की या गृहस्थांनी आयुष्यात मत दिलं नव्हतं. गिऱ्हाईक सगळ्याच पक्षांचं, उगाच कुणाचा रोष कशाला? मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत छपाई उरकून ते केंद्रावर गेले. अधिकाऱ्यांनी हात पुढे करायला सांगितला आणि चष्मा वर केला.

"शाई आहे. मत दिलंय तुम्ही."

"ही छापखान्याची आहे, साहेब."

"दहाही बोटांना? दहा ठिकाणी देऊन आलात की काय?"

"यादी बघा, माझ्या नावापुढं खूण नाही."

"यादी दुसरे बघतात. मी बोट बघतो. स्वच्छ करून या."

घरी येऊन त्यांनी रॉकेल लावलं, साबण लावला, विटेचा तुकडा लावला. बायकोनं भांड्यांचा काथ्या आणून दिला आणि म्हणाली, "बोट राहू द्या म्हणजे झालं." केंद्र बंद व्हायला पाच मिनिटं असताना ते लालबुंद बोट उंच धरून पळत पोचले. अधिकाऱ्यांनी बोट उलटंसुलटं पाहिलं आणि त्यावर परत शाई लावली.

निकाल लागला. भाऊसाहेब आठशे बारा, नर्सबाई आठशे तेरा.

एका मताने. छापल्याबरहुकूम. तिन्ही पक्ष ते मत आपलंच म्हणून भांडत राहिले. काना-मात्रा ओल्या फडक्यानं पाटी पुसून आले. बाईमाणसासारखे ते त्या दिवशी डोळेही पुसत होते, असं बायको सांगते.

आठवड्यानं नर्सबाईंनी आभाराचं पत्रक छापायला पाठवलं. बाई सरळ, त्यांनी सरळ लिहिलं होतं: 'मला एका मताने निवडून दिल्याबद्दल आभार.' दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. 'एका मताने' दिसताच काना-मात्रा दचकले, कुणाला न विचारता तो काना काढला, जागा सांधली आणि पाचशे प्रती वाटायला देऊन टाकल्या.

संध्याकाळी भाऊसाहेब दारात. हातात पत्रक.

"'एकमताने निवडून'?" ते शांतपणे म्हणाले. "मग माझी आठशे बारा मतं कुणी खाल्ली?"

काना-मात्रांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पत्रक घेतलं, वाचलं आणि आतून स्टूल आणून पाटीखाली ठेवलं.

"चढा," ती म्हणाली. "हे आता मत देऊनही खरं व्हायचं नाही."