तासिआलुकचे पाच मासे

सरकारी दृष्टीने तासिआलुक हे दरिद्री तळं होतं. तसं ते चाळीस पुरुष खोल होतं, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत, आणि जून सरेपर्यंत त्यावर माणूसभर जाडीचा बर्फ असायचा. पण जलाशयाची श्रीमंती त्यात माशांच्या जाती किती, यावरून ठरते, आणि तासिआलुकमध्ये जात एकच होती. उत्तर ध्रुवाकडच्या कुगारुसिक गावात तिला इकालुक म्हणतात. नुसतं 'मासा' म्हणायचं असलं तरी इकालुकच म्हणतात, कारण त्या गारठ्यात दुसरा कुणी मासा कधी राहायला आलाच नाही. दक्षिणेकडच्या उबदार तळ्यांत पन्नास-पन्नास जाती सुखाने नांदतात. इथे एकाच जातीने हजारो वर्षं एकटीने संसार केला आणि अख्ख्या गावाला पोसलं, ही गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

ज्या जलाशयात पाचापेक्षा कमी जाती, तो 'अल्पमूल्य'. अल्पमूल्य जलाशय खाणीचा गाळ टाकायला देता येतो. तळ्यापासून पाच कोसांवर निकेलची खाण निघायची होती आणि तिला गाळासाठी खड्डा हवा होता. सबब गावच्या शिकारी मंडळाचे अध्यक्ष उलायुक यांना नोटीस निघाली : तीस दिवसांत हरकत न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. गावात विमान आठवड्यातून दोनदा येतं, तेही हवेची मर्जी असली तर. नोटीस उलायुकच्या हातात पडली तेव्हा चार दिवस उरले होते. उलायुक अकरा वर्षं अध्यक्ष होता, कारण कागद वाचायचा कंटाळा गावात सगळ्यांनाच होता आणि त्याला तो जरा कमी होता.

त्याने फोनवरून हरकत घेतली. मग चौकशीसाठी ध्रुवीय गोडे जल विविधता संचालनालयाचे अधिकारी गॉर्डन प्रिंगल आले. उलायुकच्या घरात जमिनीवर पुठ्ठा अंथरून गोठलेला इकालुक ठेवला होता आणि म्हातारी काउनाक आत्या आपल्या अर्धगोल सुरीने त्याच्या चकत्या पाडत होती. प्रिंगलला तिने चकती पुढे केली. तो नमुना असण्याची शक्यता असल्याने प्रिंगलने ती खाल्ली नाही.

"तळ्यात किती प्रकारचे मासे आहेत?" त्याने विचारलं.

"एक," उलायुक म्हणाला.

"एक नको. फॉर्मवर पाच रकाने आहेत. नीट आठवून सांगा. सगळे मासे सारखेच दिसतात का?"

"छे! ऑगस्टमध्ये समुद्रातून परत येतो तो रुपेरी. थंडीच्या तोंडावर अंडी घालतो तेव्हा लाल. बर्फाखाली हिवाळा काढून निघतो तो दुबळा, नुसता काटा. काही कधी समुद्राकडे जातच नाहीत, ते बुटके आणि काळपट. आणि एखादा म्हातारा मोठ्या जबड्याचा, तो आपलीच पोरं खातो."

प्रिंगलने बोटं मोजली. एक हात पुरला. "रुपेरी, तांबडी, दुबळी, बुटकी, जबडेवाली. पाच! मिस्टर उलायुक, तुमचं तळं श्रीमंत आहे की हो!"

"पण साहेब, मासा एकच आहे."

"तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?"

"नाही."

"मग पाच वेगळ्या जाती, असं लिहितो. चालेल ना?"

उलायुकने नाक मुरडलं. गावात नाक मुरडणं म्हणजे स्पष्ट 'नाही'. पण फॉर्मवर नाकासाठी जागा नव्हती, सहीसाठी होती. उलायुकने एकदा खिडकीतून तळ्याकडे पाहिलं आणि सही केली. एक खोटी सही आणि तळं वाचतंय, तर कुणाचं काय जातंय, असा शहाण्या माणसाचा हिशेब त्याने केला. गावातला शहाणा माणूस तोच होता, हेच गावाचं नशीब.

"जनावरांवरून असले घोळ घालू नयेत रे," आत्या म्हणाली. "ती ऐकतात."

"आत्या, मासे कागद वाचत नाहीत."

"तू तरी कुठे वाचलास?"

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं : समृद्ध जलाशय, प्रथम श्रेणी. खाणीची फाइल मागे पडली. गावाने समाजमंदिरात जेवण घातलं, ढोल वाजले, उलायुकला खुर्चीवर बसवून फोटो काढला. पण श्रीमंती आली की पहारा आलाच. दर जातीला वेगळा परवाना, वेगळं जाळं, वेगळा हंगाम. बुटकीच्या जाळ्यात रुपेरी अडकली, तर तिची माफी मागून ती सोडून द्यावी लागे. माफीचा नमुना परिशिष्ट 'ड' मध्ये दिलेला होता.

मग शास्त्रीय गणना झाली. समुद्राकडे जाणारी नदी तळ्यातून निघते तिथे मोजणीचं यंत्र बसवलं. ऑगस्टमध्ये रुपेरी आढळल्या चार हजार एकशे बारा, तांबडी शून्य. ऑक्टोबरमध्ये रुपेरी शून्य, तांबड्या चार हजार एकशे नऊ. संचालनालय हादरलं. अहवालात असं नमूद केलं गेलं की, रुपेरी जातीची अवघ्या दोन महिन्यांत शंभर टक्के घट झाली असून, त्याच काळात तांबडी ही आक्रमक जात अज्ञात ठिकाणाहून घुसल्याचे निदर्शनास आले आहे. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध उघड आहे. तीन माशांचा हिशेब लागत नव्हता. तो पुरवणी अहवालात लावण्याचे ठरले.

प्रिंगल पुढच्या विमानाने आला. उलायुक धावपट्टीवरच त्याला गाठायला उभा होता.

"साहेब, रुपेरी कुठे गेलेली नाही. तीच लाल झाली आहे. अंडी घालायचे दिवस आहेत, नवरीचा पोशाख म्हणा हवं तर."

"म्हणजे दोन्ही एकच?"

"एकच! पहिल्या दिवसापासून सांगतोय."

प्रिंगलने चष्मा काढून पुसला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

"मिस्टर उलायुक, हे मी ऐकलं असं समजू का? ऐकलं, तर दोन जातींची एक होते. उरल्या चार. चार म्हणजे अल्पमूल्य. खाणीची फाइल माझ्या खालच्या खणात आहे, बंद झालेली नाही. शिवाय तुमची सही खोटी ठरते."

"आणि ऐकलं नाही, तर?"

"तर तांबडीचं निर्मूलन."

अस्वलासमोर उभा राहून कधी न हटलेला उलायुक इथे हटला. खरं बोलावं तर तळं जातं, खोटं रेटावं तर मासे जातात. त्याने मनाशी म्हटलं, सरकारी काम आहे, चालेल वर्षानुवर्षं. आपल्या घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायचा अर्ज नऊ वर्षं पडून आहे. बिचाऱ्याला कळलं नाही, की दुरुस्तीला उशीर होतो, निर्मूलनाला होत नाही. त्याची मान खाली गेली. प्रिंगलने ती होकारार्थी हलल्याची नोंद केली.

आठ दिवसांत जाळी आली. गावातल्याच लोकांना कामाला लावलं. यालाच लोकसहभाग म्हणतात. बर्फ धरायच्या आत अंड्यांनी गच्च भरलेले लाल मासे ढिगांनी बाहेर आले. आक्रमक जात खाण्यास मनाई होती, म्हणून धावपट्टीच्या कडेला डिझेल ओतून ते जाळायचे होते. उलायुकची बायको ऊलूती हे बघून पेटली.

"हिवाळाभर पोरांना काय घालू? हा धूर?"

"नियम आहे."

"तुझा नियम तूच शिजवून खा!"

पाठीवर बाळ घ्यायच्या अंगरख्यात तिने बाळाच्या जागी दोन मासे कोंबले आणि घरी आणले. तिसऱ्या दिवशी 'आक्रमक प्रजाती बाळगल्याबद्दल' तिला नोटीस आली. ढिगाला काडी लावायचा मान अध्यक्षाचा. उलायुकची काडी वाऱ्याने चारदा विझली.

"सही तर पहिल्या फटक्यात झाली होती," आत्या मागून म्हणाली. "काडीलाच चार लागतात होय रे?"

उलायुकने पाचवी काडी लावली. त्या रात्री तो जेवला नाही. लाज वाटली, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. अंडी घालणारे मासे जळाल्यावर पुढच्या वसंतात दुबळी दिसली नाही. तिची नोंद 'स्थलांतरित' अशी झाली. बुटकी जात कुपोषित ठरली आणि तिला टाक्यांत घालून दक्षिणेच्या संवर्धन केंद्रात नेलं. तिथे पोटभर खायला मिळताच बुटक्या माशांनी चांगलं अंग धरलं, म्हणून ते बुटकी या जातीत बसेनात, आणि बिगर-नमुना मासे म्हणून त्यांची विल्हेवाट लावली गेली. राहता राहिला जबडेवाला. खायला कुणाची पोरं उरली नाहीत, तेव्हा तोही एके दिवशी उताणा तरंगला. रुपेरीच्या पुनरागमनासाठी तळ्याकाठी निरीक्षण मनोरा उभारला होता. रुपेरी आली नाही. मनोऱ्याचं उद्घाटन मात्र थाटात झालं.

चौथ्या वर्षी जाती मोजल्या : शून्य. उलायुक प्रिंगलच्या हाता-पाया पडायचा बाकी राहिला. "आता तरी लिहा साहेब, एकच मासा होता. शेजारच्या नदीतून चार जोड्या आणून सोडू. पुन्हा धरेल."

"तसं करता येत नाही," प्रिंगल हळहळत म्हणाला. "एकच मासा म्हणून ज्याचा अर्ज करताय, तो आमच्या यादीत कधी नव्हताच. आणि शून्य जातींच्या पाण्याला नियमानुसार जलाशय म्हणत नाहीत. खड्डा म्हणतात. खड्ड्यासाठी हरकतीची नोटीससुद्धा काढावी लागत नाही." मग त्याने उलायुकचा खांदा थोपटला. अहवालात स्थानिकांच्या सहकार्याचा खास उल्लेख आहे, म्हणाला. प्रिंगलला बढती मिळाली, ती त्याच अहवालावर.

पहिला गाळ सुटला त्या दिवशी गावकऱ्यांना चहा-बिस्किटं होती. पाणी करडं होत गेलं तसा उलायुक काठावर बसून राहिला. बाजूला खाणीचा तरुण साहेब उभा होता. उलायुकने त्याला विचारलं, "हे निकेल जातं कुठे?"

"बॅटऱ्यांत, काका! धूर न सोडणाऱ्या गाड्यांच्या. लांबच्या गरम शहरांतले लोक मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतात. का, माहीत आहे? पृथ्वी तापू नये म्हणून. इथला बर्फ वितळू नये, तुमचे मासे जगावेत म्हणून!"

इथल्या लोकांत कुणी आपल्यासाठी काही केलं, तर त्याच्या घरी पहिला मासा पोचवायची रीत आहे.

"एवढे भले लोक," उलायुक म्हणाला. "त्यांना आमचा निरोप द्या."

तरी, आपल्यापैकी ज्यांच्या दारात अशी गाडी चार्जिंगला लागलेली असेल त्यांना कळविण्यात येते की, कुगारुसिक गाव आपले आभारी आहे. मासा पाठवणे शक्य नसल्याबद्दल क्षमस्व.