तीन कळश्यांचा मुळा

मुळा कसा पिकवायचा हे मला कुणी शिकवायला येऊ नये. मी ठाकुर्लीला रेल्वेत फिटर. शाळा चौथीत सुटली, पण सरकारचं 'अधिक धान्य पिकवा'चं चोपडं तीनदा वाचलंय. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत दोन बी.ए. राहतात. कुदळ कुठल्या बाजूनं धरायची ते दोघांनाही ठाऊक नाही!

म्हणून माघात चाळीमागच्या पट्टीत मी मुळ्याचं बी टाकलं. विहिरीचं पाणी तेव्हाच खाली गेलेलं. मी आठही शेजाऱ्यांना बोलावून कागद केला: प्रत्येक घरानं रोज एक कळशी पाणी द्यायचं, हनुमान जयंतीला मी घरटी मुळ्याची जुडी देणार. मुळा आला नाही, तर पाऊस लागेपर्यंत आठही घरांचं पाणी मी भरणार.

हरिहरपंतांनी, म्हणजे आमच्या चाळीतल्या रिटायर मास्तरांनी, कागदातले ऱ्हस्वदीर्घ तांबड्या पेन्सिलीनं सुधारले आणि मग सही केली. माणूस तेव्हाच ओळखायला हवा होता.

पाला असा माजला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. मी जोशात येऊन रोज पेंडीचं पाणी घालायला लागलो. पण वांगं डोळ्यांना दिसतं. मुळा मातीच्या आत बसून काय करतो ते सरकारी हापिसासारखं, बाहेरून काही कळत नाही. पंचविसाव्या दिवशी पहाटे मी एक उपटून बघितला. उंदराची शेपटी! पुन्हा रोवला, माती दाबली. आमच्याकडे भात उपटून लावतातच की. भाताला चालतं, मुळ्याला काय धाड भरली?

दुसऱ्या दिवशी तो मान टाकून पडला. शेजारचे चारही पडले, ज्यांना मी हातसुद्धा लावला नव्हता.

"तहान," मी बायकोला म्हटलं. "शकू, उन्हाचा तडाखा बघ. दोन कळश्या लागणार."

दोन झाल्या. आठवड्यानं अर्धा वाफा झोपला, तशा तीन झाल्या. चाळीत धुणी दोन दिवसांआड गेली. बँकेतले त्र्यंबकराव दाढी न करता कामावर जायला लागले, साहेबानं विचारलं, घरी काही दुःखद घडलंय का. त्यांची बायको सुमती मला बघितलं की कळशी खाली आदळायची.

"परशुराम," हरिहरपंत म्हणाले, "माझी म्हैस असती तर एवढ्या पाण्यात दूध तरी दिलं असतं."

मला घुशींचा संशय. एक दिवस रजा टाकली आणि भर दुपारी काठी घेऊन विहिरीच्या कठड्याआड बसलो.

पहिली घूस धोतराचा सोगा खोचून आली. हरिहरपंत! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक मुळा उपटला, चष्मा वर करून न्याहाळला, च्यक् केलं आणि परत खोचला. मागून सुमती आली. तिनं दोन उपटले, शेजारी शेजारी धरून मापले.

मी काठीसकट उठलो. "लाज वाटत नाही?"

"कसली लाज?" हरिहरपंत म्हणाले. "तीन कळश्या देतो मी. आमचं पाणी जातं कुठे ते बघू नको?"

"मी आपली रोज एखादाच बघते, भावजी," सुमती म्हणाली. "आज दोन झाले."

"शकू, ऐकतेस ना?"

शकू मागच्या दारात उभी होती. दोन्ही हात मातीनं भरलेले. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "रोज पहाटे कोण उपटतं ते सांगू का सगळ्यांना?"

मी काठी टेकून ठेवली.

हनुमान जयंतीला आठही घरं टोपल्या घेऊन हजर. नेमकी सखुबाई भाजीची पाटी घेऊन आली. तिच्या तीन पिढ्या इथल्याच मातीत राबलेल्या. तिनं एक ओळ ओढली. केस विंचरताना फणीला येतात, तशी मुळं हातात आली.

"हे कितींदा भायेर काडलेत रं?"



"भात उपटून लावतात की," मी म्हटलं.

"भाताला दाना वर येतो. याचा सगला धंदा खाली. एकदा हालवला की संपला. आनि वरून पेंड कशाला वतलीस? पाल्यानं खाल्ली ती. रोजचा एक शिपका पुरला आसता, तू तर तलाव केलास."

"ऐकलंत?" मी हरिहरपंतांकडे वळलो. "उपटले तुम्ही लोकांनी!"

त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला. "'मुळा आला नाही, तर.' का आला नाही, याबद्दल यात काही लिहिलेलं नाही. मजकूर तुमचाच आहे."

मजकूर माझाच होता. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

तेव्हापासून कामावर जायच्या आधी आठ घरांचं पाणी भरतो. त्या दिवशी पाला मात्र सगळ्यांनी वाटून घेतला, डाळ घालून भाजी केली. झकास झालेली म्हणतात. मला मिळाली नाही, मी विहिरीवर होतो.