लाल बादलीच्या तीन खेपा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नव्या माशाच्या अंगावर पहिला पांढरा ठिपका दिसला. मी वहीत नोंद केली : "७.१०. ठिपका, एक. डावी बाजू."

बावीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझ्या हातून एकही छापून गेली नाही. एक मासा चार दिवस सांभाळणं म्हणजे काय मोठंसं!

बायकोला हे पटत नव्हतं. दिवाणखान्यात तिची खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्यात नऊ वर्षांपासून एक नारिंगी मासा एकटाच राहतो. त्याला आम्ही आजोबा म्हणतो. माझा वाढदिवस ती विसरते. आजोबांची जेवणाची वेळ विसरत नाही. त्यांना सोबत म्हणून तिनं हा नवा मासा आणला आणि महिनाभरासाठी मागच्या खोलीत, वेगळ्या टाकीत ठेवला. रोग असलाच तर तिथेच कळावा, आजोबांपर्यंत जाऊ नये.

तेवढ्यात तिला कामासाठी परगावी जावं लागलं. निघताना तिनं बजावलं, "लाल बादली मागच्या खोलीची, निळी दिवाणखान्याची. अदलाबदल झाली तर आजोबा गेलेच म्हणून समजा! औषधपाणी माझा भाऊ बघेल. तुम्ही फक्त नोंदी ठेवा."

फक्त नोंदी! आणि औषधपाणी कोण बघणार, तर माझा मेहुणा! ज्यानं पाणी घालून घालून निवडुंग मारलं, तो माणूस!

ठिपक्याची बातमी ऐकून तो धावत आला. त्यानं मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"ठिपका मिठासारखा आहे की पिठासारखा?" दुकानदारानं विचारलं. "खडे दिसले तर एक रोग, पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर दुसरा. दुसरा फार वाईट. मासा उजेडाला घाबरतोय का, बघा."

मेहुण्यानं टॉर्च मारला, मी भिंग लावलं. मासा टाकीत ठेवलेल्या पाइपच्या तुकड्यात जाऊन लपला.

"घाबरला! पीठ!" मेहुणा ओरडला.

"अरे, तुझं तोंड एवढ्या जवळून दिसलं तर मगरसुद्धा लपेल. मीठ आहे!"

"भाऊजी, पीठ!"

"मीठ!"

"दोन्हींवर औषध एकच आहे," फोनमधून कंटाळलेला आवाज आला. "तांब्याचं. मोजून घाला, दिवसातून एकदाच. जास्त झालं तर रोगाच्या आधी मासा जाईल."

नऊ वाजता मी औषध मोजून घातलं. मेहुण्यावर कोण विसंबणार? नोंद केली आणि वही खणात ठेवली. अर्धवट मजकूर कुणाला दाखवायचा नाही, ही माझी जुनी शिस्त.

साडेनऊला मेहुण्यानंही औषध मोजून घातलं.

साडेदहाला मासा पाण्याच्या वर तोंड काढून लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकू लागला.

"तू औषध घातलंस?"

"ताईनं मलाच सांगितलं होतं ना!"

"मी नऊलाच घातलं होतं! वहीत स्पष्ट लिहिलंय."

"आणि वही कुठंय?"

"खणात."

"मग मला काय स्वप्न पडणार होतं?"

पुन्हा फोन. "अर्धं पाणी बदला, आत्ताच्या आत्ता!" दुकानदार म्हणाला. पण तयार खारं पाणी घरात नव्हतं. ते कालवून मुरायला दिवस लागतो. मेहुणा स्वयंपाकघरातली मिठाची बरणी घेऊन आला. धन्य ते डोकं! मी त्याला बरणीसकट बाहेर काढलं. दिवाणखान्यात नितळ, कोमट, तयार समुद्र उभा होता आणि हा मीठ शोधत होता! मी आजारी टाकीतलं अर्धं पाणी उपसून मोरीत ओतलं आणि त्याच झपाट्यात मोठ्या टाकीतून तीन खेपा केल्या. मासा वाचला. वेळेसकट नोंद केली.

चौथ्या दिवशी बायको आली. ठिपके गेलेले, मासा खायला मागतोय. मी मिठाच्या बरणीची गोष्ट रंगवून सांगितली. ती चक्क हसली.

"मग पाणी कुठलं घातलंत?"

"आपल्या मोठ्या टाकीतलं!"

तिचं हसू थांबलं. "कुठल्या बादलीनं?"

"अगं, निळ्याच... म्हणजे निळ्याच असणार."

मेहुण्यानं शांतपणे खण उघडला, वही काढली आणि वाचली : "१०.४०. लाल बादली. मोठ्या टाकीतून तीन खेपा."

अक्षर माझं. चूक एकही नाही.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आजोबांच्या शेपटीजवळ पांढरं काहीतरी दिसलं. मेहुणा म्हणतो, मीठ. मी म्हणतो, काचेवरचा डाग. बायको भिंग घेऊन टाकीसमोर बसली आहे. नोंदवही आता मेहुण्याकडे असते.

काच मी दोनदा पुसून पाहिली आहे.