नातीच्या गिटारचे सहा आरे

सैल वस्तू माझ्या नजरेतून सुटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. अक्षरं साठीत शिकलो, पण चाकाचे आरे कसायला अक्षरं लागत नाहीत, कान लागतो. आरा बोटानं छेडायचा. सगळे एका सुरात बोलले की चाक सरळ!

त्या दिवशी नात एका बँडमध्ये जागा मिळावी म्हणून गिटार वाजवून दाखवणार होती. ती अंघोळीला गेली तेव्हा मी सहज तारा छेडल्या. सहाच्या सहा सैल, आणि प्रत्येकीचा सूर वेगळा! पोरीची फजिती होईल म्हणून मी खुंट्या पिळल्या. बारक्या तारांनी लवकर ऐकलं. जाड तारा म्हशीसारख्या हटून बसल्या, पण मीही जुना कारागीर. शक्य तितक्या ओढल्या, गिटार तिच्या पेटीत ठेवली आणि पेटी स्वतः उचलून मिरवत नातीसोबत गेलो.

बँडच्या गायिकेसमोर नातीनं पेटी उघडली. तारा अडकवायची लाकडी पट्टी गिटारच्या पोटावरून उखडून लोंबत होती.

नातीनं तिथूनच, तारा बसवून देणाऱ्या दुकानदाराला स्पीकरवर फोन लावून झाडलं. तो शांतपणे म्हणाला, आवाज भारदस्त यावा म्हणून तुम्हीच जाड तारा मागितल्या, त्या मी मुद्दाम खालच्या सुरात सैल ठेवल्या. कुणीतरी वर ताणल्यात. घरात आणखी कोण हात लावतं?

"कुणी नाही," नात म्हणाली. "घरी फक्त आजोबा असतात. ते माझ्या वस्तूंना हात लावत नाहीत."

मी भिंतीवरचं विजेचं बटण निरखत होतो. पोर माझ्या बाजूनं भांडत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

"मीच पिळल्या," मी म्हणालो.

बँडमधल्या ड्रमवाल्या मुलानं अदबीनं विचारलं, "कितपत, आजोबा?"

"सगळ्या सारख्या वाजेपर्यंत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गायिकेनं नातीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. नातीनं पेटी स्वतः उचलली आणि आम्ही परत निघालो. घराच्या वळणावर मी भीत भीत विचारलं, "परत बोलावलंय का गं?"

"हो. रविवारी."

"मग मिटलं की!"

"गिटार कुणाचीही आण म्हणाल्या. फक्त आजोबांना आणू नकोस."

रविवारी मी घरीच थांबलो. कुणाला सांगावं लागलं नाही.